दीने, घंटेच्या ठोक्याला

येशूच्या स्वर्गारोहणाच्या सुट्टीला लागून आलेल्या शनिवारी रेमोंद गोतिए या ऐंशी वर्षांच्या बाई ‘राणीचे कुरण’ या ऐतिहासिक उद्यानातल्या ‘तांबडा हंस’ नावाच्या खाणावळीत, अकरा जणांसाठी मांडलेल्या मेजावर, एकट्या बसून जेवल्या. उरलेल्या दहा खुर्च्यांवर ज्यांनी बसायचे होते ते दहाही जण त्याच वेळी खाणावळीपासून हाकेच्या अंतरावर, गवतात बसून, घरून आणलेले सँडविच खात होते. कोणाचे कोणाशी भांडण झालेले नव्हते. कोणालाही उशीर झालेला नव्हता. आरक्षणात चूक नव्हती.

या दहा जणांचे नेतृत्व बाईंचे जावई सिल्व्हँ पेराशों यांच्याकडे होते. पेराशों लिओं शहरातल्या वजनमापांच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहेत. चीज विकणाऱ्याचा तराजू, पेट्रोल पंपाचे मीटर, औषधवाल्याचा काटा, या सर्वांच्या खरेखोटेपणावर त्यांची सही लागते. ‘साधारण’, ‘जवळपास’ आणि ‘बघू’ हे तीन शब्द त्यांच्या घरात शिव्यांच्या बरोबरीचे मानले जातात. मोजून केलेली गोष्ट चुकत नाही, आणि चुकली तर नीट मोजलेली नव्हती, हे त्यांचे मत आहे. हे मत खोडून काढणे अवघड आहे, आणि त्यांच्याबरोबर सहलीला जाणे त्याहून अवघड आहे.

सासूबाईंना सर्व नातवंडे ‘मेमे’ म्हणतात, म्हणून जावई-सुनाही म्हणतात. मेमे आंजू प्रांतातल्या एका खेड्यात, शेतावरच्या घरात एकट्या राहतात. सासरे गेले त्या दिवशी तिन्ही मुले आपापल्या कुटुंबांसह एका मेजावर जेवली होती. त्यानंतर तसे पुन्हा घडले नाही. मेमेंनी तक्रार म्हणून हे कधी सांगितले नाही. फक्त दर फोनच्या शेवटी त्या म्हणत, की सगळे एकदा एका मेजावर दिसले म्हणजे झालं, पुढच्या वर्षी मी असेन-नसेन. हे वाक्य त्या वीस वर्षांपासून म्हणत आहेत. पण ऐंशीच्या वाढदिवसाच्या तोंडावर म्हटले तेव्हा पेराशोंच्या पत्नी एस्तेल फोन ठेवून बराच वेळ सिंकपाशी उभ्या राहिल्या, आणि भांडी आधीच घासून झालेली होती.

एकत्र येण्यातली अडचण कोणाच्या मनात नव्हती, शिक्षण खात्यात होती. डोंगरातल्या रस्त्यांवर एकाच आठवड्यात सगळा देश उलटू नये म्हणून सरकारने शाळांच्या हिवाळी आणि वसंतातल्या सुट्ट्या अ, ब आणि क अशा तीन विभागांत वाटून दिल्या आहेत. मेमेंच्या तीन मुलांनी दुर्मीळ नेमकेपणाने तीन वेगवेगळ्या विभागांत संसार थाटले: एस्तेल लिओंला, म्हणजे अ, नादेज लीलला, म्हणजे ब, आणि फाब्रिस तुलूजला, म्हणजे क. नाताळ सर्वांचा एकाच वेळी असतो, पण तो पाळीपाळीने व्याह्यांकडे जातो. उन्हाळाही एकच असतो, पण फाब्रिस जुलैत सुट्टी घेणाऱ्यांच्या पंथातला आणि नादेज ऑगस्टवाल्यांच्या. आणि या दोन पंथांत सोयरीक होईल एक वेळ, सहल होत नाही. उरला स्वर्गारोहणाचा गुरुवार. त्याच्या आणि शनिवारच्या मध्ये जो शुक्रवार लोंबकळतो त्यावर सबंध देश रजेचा पूल बांधतो आणि पलीकडे जातो. मेमेंचा वाढदिवस त्याच आठवड्यात येत होता. पेराशोंनी हे शोधून काढले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर नवा ग्रह सापडलेल्या माणसाचे समाधान होते.

स्थळही त्यांनीच सुचवले. ‘राणीचे कुरण’ मेमेंच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर. गॉल योद्धे, रोमन रथ, तेराव्या लुईच्या काळातले एक आख्खे गाव. जगातून माणसे ते पाहायला येतात आणि मेमे, ते जवळ असल्यामुळे, कधीही गेल्या नव्हत्या. एस्तेल एवढेच म्हणाल्या, की आईशी बोलायचं काम माझ्याकडे दे. पेराशोंनी नकार दिला. एकाच प्रयोगाची नोंद दोघांनी घेतली की गोंधळ होतो. निरोप एकाच तोंडून गेले पाहिजेत. एस्तेल यांनी खांदे उडवले. त्या खांदे उडवण्याची पुढे बरीच चर्चा झाली.

पहिली वार्ता समोरच्या दारापर्यंत पोचली. समोर मुसिए बोनार्देल राहतात. ते विमा कंपनीतून निवृत्त झालेले आहेत आणि नुकसान होण्याआधीच त्याची पाहणी करण्याची सवय त्यांना जडलेली आहे. ते त्या उद्यानात कधीही गेलेले नव्हते, पण त्यांची मेव्हणी गेली होती, आणि मेव्हणीचा अनुभव त्यांनी जिन्यात, लिफ्टमध्ये आणि कचऱ्याच्या डब्यांपाशी हप्त्याहप्त्याने सांगितला. व्हायकिंगांच्या जहाजाच्या खेळाला डाव्या बाजूला बसायचं, उजवीकडच्यांना पाणी लागतं. रथांच्या शर्यतीत पहिल्या रांगेत बसायचं नाही, कारण घोड्यांना शिष्टाचार नसतो. आणि जेवायला उघड्यावर बसायचं असेल तर खुशाल बटाट्याच्या काड्या खा; पण ऐंशीचा वाढदिवस म्हणता, तर ‘तांबड्या हंसा’त मेज सांगून ठेवा. तिथं सगळं त्या काळातलं असतं. मातीची भांडी, मेणबत्त्या. काटे मिळत नाहीत, तेव्हा काटे नव्हतेच.

पेराशोंनी सौम्यपणे दुरुस्ती केली, की सतराव्या शतकात दरबारी लोकांकडे काटे असत.

“तुम्ही दरबारातले आहात का?” बोनार्देल यांनी विचारले, आणि दार लावून घेतले.

तिकिटांच्या कार्यालयाने पहिला अडथळा उभा केला. उद्यानाच्या नियमांत ‘कुटुंब’ म्हणजे दोन प्रौढ आणि त्यांची लेकरे. ‘समूह’ होण्यासाठी माणसे किमान वीस हवीत. अकरा माणसे एकमेकांची रक्ताची असली तरी उद्यानाच्या दृष्टीने ती काहीही नव्हती. फोनवरच्या तरुणीने गोड आवाजात तोडगा सुचवला: तीन कुटुंबे आणि एक ‘सोबतीविना प्रौढ’ अशी नोंद करू. पेराशोंनी विचारले, की ज्यांचा वाढदिवस आहे त्यांनाच सोबतीविना कसे म्हणता येईल. तरुणी म्हणाली की संगणकाला वाढदिवस कळत नाहीत. मग त्यांनी आणखी नऊ परके लोक मिळवून समूह करता येईल का याचीही चौकशी केली, आणि बोनार्देल यांनी तत्काळ आपली आणि मेव्हणीची तयारी दर्शवली, तेव्हा त्यांनी ‘सोबतीविना प्रौढ’ मान्य केले.

दुसरा अडथळा गुडघा. मेमेंचा उजवा गुडघा पायऱ्यांवर कुरकुरतो. उद्यान अशांना चाकांची खुर्ची देते, पण डॉक्टरांचा दाखला लागतो. पेराशोंनी दूरदृष्टीने मेमेंच्या गावच्या डॉक्टरीणबाईंना परस्पर फोन केला. त्या खेड्यात परस्पर काहीही होत नाही. संध्याकाळपर्यंत बेकरीत, चर्चमध्ये आणि ज्येष्ठांच्या क्लबात मेमे गोतिए आता चाकावर आल्या ही बातमी पोचलेली होती. मेमेंनी लिओंला फोन केला तो जावयाला नव्हे, मुलीला; आणि एवढेच कळवले, की आज सकाळी मी बटाट्याचं पोतं तळघरातून वर आणलंय, जावयांना वजन हवं असेल तर करून पाठवते. दाखल्याचा विषय तिथे संपला.

मग ‘तांबडा हंस’. या खाणावळीचा फोन लागला तेव्हा पेराशोंना आपला नंबर चुकला असे वाटले. तिथल्या सर्व सेवकांना, फोनवरच्यांसकट, त्या काळातलीच भाषा बोलण्याचा दंडक होता.

“जय असो. हंसाचें दार. कोण महाराज बोलताती?” पलीकडून विचारणा झाली.

पेराशोंनी नाव, दिवस आणि माणसांची संख्या सांगितली. पलीकडे पाने उलटल्याचा आवाज झाला. तो खरा होता की वाजवलेला, हे कळायला मार्ग नव्हता.

“शनिवारचें सुपे भरोन गेलें, महाराज. दीने म्हणाल तर पानें अकरा मांडिलीं जातील. घंटेच्या ठोक्यास यावें.”

पेराशोंना सुपे नकोच होते. त्यांच्या माहितीप्रमाणे सुपे म्हणजे नाटक पाहून आल्यावर मध्यरात्रीच्या सुमारास उच्चभ्रू लोक जे थोडेसे खातात ते; ऐंशी वर्षांच्या बाईला ते कशाला? त्यांना दीनेच हवे होते. दीने म्हणजे संध्याकाळचे जेवण. इंग्रजांनी तो शब्द उचलून त्याचा डिनर केला, पण वेळ बदलण्याची त्यांचीही छाती झाली नाही. तेव्हा दीने मिळाले, हे उत्तमच झाले. राहिला प्रश्न घंटेचा.

घंटा किती वाजता होते, असे त्यांनी विचारले. घंटा जेव्हां वाजते तेव्हां, असे उत्तर आले. त्यांनी घड्याळातली वेळ मागितली. महाराज, आमचे येथें सूर्य असतो, असे सांगण्यात आले. त्यांनी वरिष्ठांना बोलवायला सांगितले, तर वरिष्ठ भाषेच्या बाबतीत त्याहून कट्टर निघाले आणि त्यांनी पेराशोंना ‘श्रीमंत’ म्हणायला सुरुवात केली. तराजू तपासण्याच्या नोकरीत पेराशोंना अनेकांनी अनेक नावांनी हाक मारलेली होती, पण ‘श्रीमंत’ म्हणून कोणी वेळ सांगायचे टाळले नव्हते. अर्ध्या तासाच्या चिवट चौकशीतून एवढेच निष्पन्न झाले की घंटा चर्चच्या मनोऱ्यावरची, आंजेल्युसच्या प्रार्थनेची. मात्र आगाऊ रक्कम भरण्याचा विषय निघाला तेव्हा वरिष्ठ एकाएकी एकविसाव्या शतकात आले आणि कार्डाचे आकडे अत्यंत शुद्ध आधुनिक भाषेत, दोनदा, वाचून घेतले.

आंजेल्युसची घंटा दिवसातून तीनदा होते: सकाळी सातला, दुपारी बाराला आणि संध्याकाळी सातला. पेराशोंनी प्रश्न पद्धतशीरपणे सोडवला. दीने संध्याकाळी असते. संध्याकाळी एकच घंटा असते. म्हणून दीने सात वाजता. या अनुमानात त्यांना फट दिसेना, आणि ती तिथे नव्हतीही. फट गृहीतकात होती, आणि गृहीतके तपासण्याचे यंत्र अद्याप कोणत्याही प्रयोगशाळेत आलेले नाही.

वाढदिवसाच्या केकबद्दल आणखी दोन फोन झाले. बाहेरचा केक चालेल असे ठरले. त्यावर मेणबत्त्याही चालतील. पण आठ आणि शून्य अशा आकड्यांच्या मेणबत्त्या चालणार नाहीत, कारण त्या त्या काळी नव्हत्या. पेराशोंनी विचारले, आकडे नव्हते का? वरिष्ठ म्हणाले, “होते, श्रीमंत. जळत नव्हते.”

रविवारी त्यांनी मेमेंना फोन लावला. मेमे फोनवर नेहमी ओरडून बोलतात, कारण लिओं लांब आहे.

“मेमे, शनिवारी सगळे तिन्ही घरचे. दीने ‘तांबड्या हंसा’त सांगितलंय.”

“किती वाजता?”

“आंजेल्युसच्या घंटेला.”

“मग बरोबर आहे. जन्मभर त्याच वेळेला जेवतेय मी.”

पेराशोंना बरे वाटले. प्रथमच कोणीतरी त्यांना वेळेबद्दल उलट प्रश्न केला नव्हता. न्यायला कोणी यायचे, असे त्यांनी विचारले. मेमे म्हणाल्या, की क्लबची बस त्याच दिवशी त्याच उद्यानात चालली आहे. त्या मैत्रिणींबरोबर सकाळीच पोचतील, जेवायला खाणावळीत भेटू. परतीची काळजी करू नका, आम्ही सोडू, असे पेराशों म्हणाले. बस असताना पेट्रोल कशाला जाळता, असे मेमे म्हणाल्या. मेमे प्रत्येक गोष्टीला आधी नाही म्हणतात आणि मग तीच गोष्ट करतात, हे घरात सर्वांना माहीत असल्याने त्या वाक्याकडे कोणी लक्ष दिले नाही.

शनिवारी सर्व मंडळी वेळेवर जमली. हेही नोंदवून ठेवले पाहिजे. फाब्रिस तुलूजहून रात्रीच येऊन राहिला होता. नादेज आणि तिचा नवरा लीलहून आले ते रेनकोट घालूनच. प्रवेशद्वारावर तीन कुटुंबांची तिकिटे तीन दारांतून आत गेली. ‘सोबतीविना प्रौढ’ आधीच आत आहे, असे यंत्राने दाखवले. एस्तेल यांनी आईला फोन लावला. तो बंद होता. मेमे मोबाइल स्वतःला फोन करायचा असेल तेव्हाच चालू करतात, एरवी बॅटरी वाया जाते. आपण आईला आता शोधू या का, असे एस्तेल यांनी विचारले. पेराशों म्हणाले, की एवढ्या गर्दीत एक हलते माणूस शोधण्यापेक्षा ते जिथे नक्की येणार आहे तिथे थांबणे शहाणपणाचे. मैत्रिणींबरोबर मजा करू दे त्यांना. संध्याकाळी भेटणारच आहेत.

व्हायकिंगांच्या खेळाला ते डाव्या बाजूला बसले. त्या दिवशी वारा उलट होता. नादेजच्या रेनकोटाकडे बाकीच्या आठ जणांनी ज्या नजरेने पाहिले तिच्यात बहीणभावाचे प्रेम नव्हते.

यानंतर ते तेराव्या लुईच्या गावात शिरले, आणि तिथे बाजारात एक धान्यवाला बसलेला होता. त्याच्यासमोर पितळी तराजू होता. पेराशों थांबले. एस्तेल यांनी त्यांच्या बाहीला धरले, पण बाही ओली असल्याने निसटली. तराजूची दांडी मोकळीच डावीकडे झुकत होती, हे त्यांना दुरूनच दिसलेले होते. त्यांनी धान्यवाल्याला अत्यंत सभ्य शब्दांत सांगितले, की हा काटा खोटा आहे.

धान्यवाला उभा राहिला, छातीवर हात ठेवला आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “ऐकिलें काय, लोकहो? हा परमुलखीचा मनुष्य आम्हांस लबाड म्हणतो.”

लोक जमले. पेराशोंनी आपल्या हुद्द्याचा उल्लेख केला. धान्यवाल्याने तोही मोठ्याने सर्वांना सांगितला, आणि टाळ्या झाल्या. पेराशोंनी दांडी, टेकू आणि पारडे यांचे नाते समजावून सांगायला सुरुवात केली तेव्हा बाजूच्या गल्लीतून पिसाची टोपी घातलेला कोतवाल दोन शिपायांसह आला. लोकांची खात्री झाली की हाच खेळ आहे, आणि यातला हा ओला माणूस तर फारच नैसर्गिक अभिनय करतो आहे. कोतवालाने निवाडा दिला: तराजू खोटा आहे, तक्रार खरी आहे, परंतु राजाच्या बाजारात न विचारता खरे बोलणे हाही गुन्हाच. पेराशोंची मान आणि दोन्ही हात लाकडी खोड्यात अडकवण्यात आले. जपानी पर्यटकांचा एक गट त्यांच्या दोन्ही बाजूंना उभा राहून फोटो काढून गेला. पेराशोंच्या तेरा वर्षांच्या मुलीने, क्लेमॉन्सने, आपण या गृहस्थांना ओळखत नाही असे एका अनोळखी बाईला सांगितले.

“काट्याबद्दल तुझं बरोबर होतं,” बाहेर काढल्यावर फाब्रिस म्हणाला. “तो कोतवालसुद्धा तेच म्हणाला.”

या प्रसंगानंतर सर्वांना भूक लागली. संध्याकाळी मोठी मेजवानी असल्याने दुपारी हलकेच खायचे, हे पेराशोंनी आधीच ठरवून दिलेले होते. चर्चशेजारच्या उतारावर गवतात चादर पसरून त्यांनी सँडविच काढले. जवळच ‘तांबडा हंस’ होता. त्याच्या धुराड्यातून डुकराच्या भाजलेल्या मांडीचा आणि लोण्यातल्या पांढऱ्या घेवड्याचा वास येत होता. तेवढ्यात मनोऱ्यावर आंजेल्युसची घंटा सुरू झाली. पेराशोंनी मनगटावरचे घड्याळ पाहिले.

“बरोबर बारा,” ते म्हणाले. “या जागेत एक तरी गोष्ट प्रमाणित आहे.”

खाणावळीच्या दाराकडे दहाही जणांची पाठ होती.

दुपार कशी गेली याचे वर्णन करण्यासारखे काही नाही. उरलेले खेळ पाहिले, एका घोड्याने बोनार्देल यांच्या मेव्हणीचे म्हणणे खरे करून दाखवले, आणि गाडीतला केक थोडासा एका अंगाला बसला. सातच्या घंटेला पाच मिनिटे असताना दहा जण कपडे झटकून, केकचा डबा आडवा धरून, ‘तांबड्या हंसा’च्या दारात उभे राहिले. पेराशोंनी नाव सांगितले.

द्वारपालाने वाकून नमस्कार केला, आणि ताठ झाला तेव्हा तो बुचकळ्यात पडलेला होता. “आपलें दीने तों मध्यान्हींच यथासांग जाहलें, महाराज.”

पेराशोंनी अतिशय शांतपणे सांगितले की ते झालेले नाही. त्यांना आठवले असते. द्वारपाल म्हणाला की रक्कम जमा आहे, पाने वाढली गेली आहेत आणि तक्रार नाही. हा वाद दोन शतकांतून बराच वेळ चालला. शेवटी आतून एक वाढपीबाई बाहेर आली आणि तिने जुनी भाषा बाजूला ठेवली.

“एक आजी होत्या,” ती म्हणाली. “एकट्याच. बाराच्या घंटेला आल्या. आम्ही म्हटलं, थांबायचं का? तर म्हणाल्या, वाढा, ते येतीलच, वेळेचे पक्के आहेत. दार उघडलं की दर वेळी बघत होत्या.”

फाब्रिसला थट्टेची ही सोन्यासारखी संधी होती आणि त्याने ती सोडून दिली, यावरून परिस्थिती समजावी. क्लबची बस सहालाच निघून गेलेली होती. मोबाइल बंद होता. एस्तेल यांनी पेराशोंच्या हातातून फोन घेतला, मग काय वाटले कोण जाणे, परत त्यांच्याच हातात दिला, आणि म्हणाल्या, “घरच्या नंबरवर लाव. तूच लाव.”

पेराशोंनी लावला. मेमेंनी उचलला.

“मेमे, तुम्ही घरी?”

“मग कुठं असणार? सुपेची वेळ आहे.”

“आम्ही दहाही जण इथं खाणावळीच्या दारात उभे आहोत. दीनेसाठी.”

लिओं लांब नसताना मेमे हळू बोलतात, हे पेराशोंना तेव्हाच कळले.

“अहो सिल्व्हँ, सात वाजून गेले. आत्ता दीने कोण जेवतं?”

पेराशोंच्या डोक्यात एक पारडे फार हळू खाली येत होते.

“काही खाल्लंत का?” मेमेंनी विचारले.

“सँडविच. दुपारी.”

“मग या निघून. मी सगळं आणलंय.”

सगळे म्हणजे सगळे. दहा माणसांचे वाढलेले जेवण टाकून देण्याची कल्पना मेमेंना सहन होणे शक्य नव्हते. सतराव्या शतकात जेवण बांधून देण्याची पद्धत नाही, असे वरिष्ठांनी त्यांना श्रीमंत म्हणून समजावले. मेमे म्हणाल्या, माझ्या लहानपणी होती, आणि मी तुमच्यापेक्षा त्या काळाच्या जवळची आहे. क्लबच्या बायकांनी आपल्या सहलीच्या बर्फपेट्या रिकाम्या करून दिल्या. भाजलेली मांडी, घेवडा, सफरचंदे, सर्व काही बसच्या मधल्या वाटेतून गावी आले.

तासाभराने तीन गाड्या शेतावर पोचल्या. स्वयंपाकघरातले मेज लहान होते. त्याला इस्त्रीचे टेबल जोडून त्यावर मुलांना बसवले. काटे सर्वांना मिळाले. एका अंगाला बसलेल्या केकवर आठ आणि शून्य जळत उभे राहिले. मेमे टोकाला बसल्या आणि घास घेण्याआधी त्यांनी मेजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकेकाकडे पाहिले, बोट न लावता मोजल्यासारखे. मग रुमाल गळ्याशी खोचला.

“मला वाटलं, तुम्ही सगळ्यांनी मिळून न यायचं ठरवलंत,” त्या म्हणाल्या. “मग म्हटलं, दहाजणांचं एका गोष्टीवर एकमत झालं तर ती माझी मुलं नव्हेत. तेव्हा स्वस्थ जेवले.”

पेराशोंनी माफी मागायला तोंड उघडले. मेमेंनी त्यांच्या ताटात मांडीचा सर्वांत जाड काप ठेवला आणि म्हणाल्या, की दीनेला नाही आलात, पण सुपेला वेळेवर आलात. खा आता, मोजत बसू नका. त्यावर पेराशोंनी बायकोकडे वळून विचारले, की तू याच घरात वाढलीस, तुला हे ठाऊक असणार. एस्तेल म्हणाल्या, हो, लहानपणी आम्हीही तसंच म्हणायचो. मग सांगितलं का नाहीस? आईशी तू काय बोललास ते मला कुठे माहीत होतं, त्या म्हणाल्या. निरोप एकाच तोंडून जायचे होते ना. आणि त्यांनी खांदे उडवले.

कारण पुढीलप्रमाणे आहे. मेमेंच्या गावाकडे जुनी माणसे आजही दुपारच्या जेवणाला दीने आणि संध्याकाळच्या जेवणाला सुपे म्हणतात, आणि तेराव्या लुईच्या काळात देशभर सर्वच जण तसेच म्हणत. शहरांनी पुढे आपली जेवणे उशिरा-उशिरा करत नेली आणि जेवणांबरोबर त्यांची नावेही पुढे सरकली. खेड्याने दोन्ही जागच्या जागी ठेवली. आंजेल्युसची घंटा दुपारी बारालाही होते आणि संध्याकाळी सातलाही. सिल्व्हँ पेराशों यांनी दुपारचे मेज आरक्षित केले होते.